टॉप गिअरमध्ये गाडी धक्के मारते, ओढत नाही: कॅमशाफ्टला हात लावण्याआधी काय तपासायचं

ही तक्रार घेऊन येणारा मोटरसायकलवाला सहसा तीन गोष्टी आधीच बदलून आलेला असतो. प्लग नवा, क्लचप्लेटा नव्या, कार्ब्युरेटर दोनदा साफ केलेला. गाडी मात्र होती तशीच. मी चावी घेतो, एक फेरी मारून येतो आणि विचारतो, "टॉपला किती स्पीडला टाकता?" बऱ्याचदा उत्तर येतं, "चाळीसला. कधी पस्तीसलाही. पेट्रोल वाचतं ना!"

अशा वेळी गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. प्रत्येक इंजिनाला एक तळ असतो. त्या आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) खाली ते भार घेत नाही. तो तळ कुठे असेल हे मुख्यतः कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम, म्हणजे आपल्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ठरवतो. आपण गिअर कधी बदलतो आणि दिवसभर कोणत्या आरपीएमवर चालवतो, हे त्या तळाशी जुळलं नाही की पुढची सगळी लक्षणं दिसायला लागतात.

लक्षणं

- टॉपमध्ये ४०-४५ ला ॲक्सिलरेटर पिळला की गाडी पळण्याऐवजी थरथरते, चेन खडखडते, फुटरेस्टखालून कोणीतरी बडवतंय असं वाटतं.
- चढावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. एक गिअर खाली टाकला की आवाज बंद.
- नवा कॅम टाकल्यावर गाडी वर सुसाट, पण रोजच्या स्पीडला मेलेली.
- एका ठरावीक स्पीडला हँडल इतकं झिणझिणतं की बोटं बधिर होतात.
- आरपीएम चढतो, स्पीड चढत नाही. हे शेवटचं लक्षण या कुळातलं नाही, ते क्लचचं. पण लोक दोन्हींची गल्लत करतात म्हणून इथे लिहिलं.

पहिली तपासणी: एक गिअर खाली

खर्च शून्य. ज्या स्पीडला त्रास होतो त्याच स्पीडला एक गिअर खाली टाका आणि तेवढाच ॲक्सिलरेटर द्या. थरथर, खडखड, खड्यांचा आवाज सगळं गायब झालं तर इंजिन चांगलं आहे, तुम्ही ते तळाखाली चालवत होता. खालच्या गिअरमध्येही गाडी मरगळलेलीच असेल तर पुढे वाचा.

ही तपासणी पहिली ठेवायचं दुसरंही कारण आहे. तळाखाली इंजिन रेटणं म्हणजे नुसता आवाज सहन करणं नव्हे. आरपीएम कमी असला की ऑइल पंपही हळू फिरतो, बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ होतो आणि नेमका तेव्हाच पिस्टनवरचा दाब सगळ्यात जास्त असतो. शिवाय पिस्टन सावकाश हलत असल्याने पेट्रोल-हवेच्या न जळलेल्या मिश्रणाला तापायला वेळ मिळतो आणि ते आपणहून पेटतं. खड्यांचा आवाज तो हाच. रोज थोडा थोडा ऐकत राहिलात तर एक दिवस पिस्टनच्या कडा खाल्लेल्या सापडतात.

दुसरी तपासणी: तुम्ही नक्की किती आरपीएमवर आहात?

मीटरवर आरपीएमचा काटा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कागद-पेन्सिल घ्या. तीन आकडे लागतात: मागच्या टायरचा घेर, गाडीचा खरा वेग आणि टॉप गिअरचं एकूण गुणोत्तर. प्रायमरी (इंजिनापासून क्लचपर्यंतचं), गिअरबॉक्स आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे एकूण गुणोत्तर. हे आकडे मॅन्युअलमध्ये असतात. घेर मात्र स्वतः मोजा: टायरवर खडूची खूण करा, गाडीवर कोणालातरी बसवा, चाक एक पूर्ण फेरा पुढे न्या आणि जमिनीवरचं अंतर टेपने घ्या.

समजा घेर २ मीटर भरला. प्रायमरी २.५, टॉप गिअर ०.८, स्प्रॉकेट मागे ३९ आणि पुढे १५ दातांचं, म्हणजे २.६. गुणाकार ५.२. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ५०० फेरे. त्याला ५.२ ने गुणलं की २६०० आरपीएम. याच गाडीवर ४५ ला होतात १९५०, आणि ९० ला ३९००. एकदा हे केलं की बाकीचे आकडे तोंडी निघतात.

स्पीडोमीटर सहसा खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतो. म्हणजे काट्यावरच्या ४५ ला प्रत्यक्षात तुम्ही त्याहून कमी वेगात असता आणि आरपीएमही त्याहून खाली. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून घ्या.

आता तळ शोधायचा. मोकळा, सपाट रस्ता, इंजिन तापलेलं, गिअर तिसरा. आरपीएम अगदी खाली येऊ द्या आणि ॲक्सिलरेटर हळूहळू अर्ध्यापर्यंत उघडा. पूर्ण पिळू नका. सुरुवातीला धक्के बसतील, मग एका क्षणी गाडी गुळगुळीत होऊन ओढायला लागेल. तो आकडा लक्षात ठेवा. तीन वेळा करा. तिन्ही वेळा जवळपास तोच आला तर तो तुमचा तळ. वेगवेगळा आला तर मिश्रणात किंवा इग्निशनमध्ये काहीतरी आहे, त्याकडे नंतर वळू.

गिअर कधी बदलायचा

इथे जवळजवळ सगळे चुकतात, आणि चूक साधी आहे: प्रत्येक गिअर एकाच आरपीएमला बदलणं. गिअरबॉक्सच्या पायऱ्या सारख्या नसतात. वरच्याच गाडीचे गिअर धरा: २.४, १.६, १.२, ०.९६, ०.८. पहिल्यातून दुसऱ्यात टाकलं की आरपीएम दोन-तृतीयांशावर येतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात तीन-चतुर्थांशावर, तिसऱ्यातून चौथ्यात ८० टक्क्यांवर, चौथ्यातून पाचव्यात ८३ टक्क्यांवर.

तळ २२०० असेल तर नवीन गिअरमध्ये पाय ठेवताना २२०० च्या खाली जायचं नाही. मग उलटा हिशोब करा. पहिला किमान ३३०० ला सोडायचा, दुसरा २९५० च्या आसपास, तिसरा २७५० ला, चौथा २६५० ला. टॉपमध्ये २२०० म्हणजे ताशी ५१ किमी. त्याआधी टॉपला टाकायचंच नाही, विषय संपला. "चाळीसला टॉप"वाल्या गाडीत एवढंच चुकत होतं.

हा झाला किमान आकडा, रमतगमत जाण्याचा. चढ असेल, मागे माणूस असेल तर प्रत्येक आकड्यात चारशे-पाचशे वाढवा. आणि जोरात पळवायची असेल तर ताकदीच्या शिखरापर्यंत, बऱ्याच इंजिनांत थोडं पुढेही, ताणायची. पुढच्या गिअरमध्ये मागच्या चाकाला मिळणारा जोर आताच्या गिअरइतका झाला की बदलायची वेळ झाली. टॉर्कच्या शिखराला, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो तिथे, गिअर बदलला की सगळ्यात जोरात पळते असा एक समज आहे. तो चूक आहे. गिअर बदलल्यावर चाकाला मिळणारा गुणाकार घटतो, त्यामुळे टॉर्क उतरायला लागला तरी खालच्या गिअरचं पारडं बराच वेळ जड राहतं.

आरपीएमचा काटा नसलेल्या गाड्यांवर मी स्पीडोमीटरच्या काचेवर पांढऱ्या टेपचे बारीक तुकडे चिकटवून देतो, एकेका गिअरला एक. पंधरा दिवसांत पायाला सवय लागते, मग टेप काढून टाकतात.

दिवसभर चालवायचा आरपीएम कोणता? माझा ठोकताळा: तळापेक्षा किमान पाचशे वर आणि टॉर्कच्या शिखराच्या थोडा खाली. समोरून वारा आला किंवा छोटा चढ लागला तर गिअर न बदलता निभावतं. लांब स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतराच्या) इंजिनाला वरून मर्यादा लवकर येते, कारण पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापायचं असतं. ९० मिमी स्ट्रोकचं इंजिन ३९०० ला आणि १११ मिमीचं ३१५० ला पिस्टनच्या सरासरी वेगात सारखंच पळतं, सेकंदाला सुमारे ११.७ मीटर. त्यामुळे मोठ्या व्ही-ट्विनवाल्याने (दोन सिलिंडर व्ही आकारात) छोट्या सिंगलच्या (एक सिलिंडर) आरपीएमशी आपली तुलना करू नये. हँडलच्या झिणझिण्या हा वेगळा प्रकार आहे. त्या एका अरुंद पट्ट्यात असतात, दोन-तीनशे आरपीएम इकडेतिकडे केलं की बहुतेकदा सुटका होते.

पेट्रोल, चेन, स्प्रॉकेट, क्लच

खड्यांचा आवाज आरपीएम वाढवूनही थोडा राहतोय? एक टाकी जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालवून बघा. आवाज गेला तर दिशा कळली: ज्वलनकक्षात कार्बन साठलाय, इंजिन जास्त तापतंय, इग्निशन पुढे सरकलंय (ठिणगी लवकर पडतेय) किंवा कोणीतरी कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, वाढवलंय. जास्त ऑक्टेनने ताकद वाढत नाही, हेही सांगून ठेवतो.

मग गुडघे टेकून पुढच्या स्प्रॉकेटचे दात मोजा. खरंच मोजा. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलंय कोण जाणे. एक गाडी माझ्याकडे तीनदा आली. दोनदा मी चालवण्याची पद्धत सांगून परत पाठवली. तिसऱ्यांदा चेनकव्हर काढलं तर आत १५ ऐवजी १६ दातांचं स्प्रॉकेट. एक दात म्हणजे सव्वासहा टक्के आरपीएम खाली. वरच्या हिशोबातले ४५ चे १९५० उतरून १८२८ होतात. तळाच्या आधीच खाली, त्यात आणखी खड्डा. तो बिचारा माझं ऐकूनच चालवत होता, चूक माझी होती. तेव्हापासून दात मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

चेन बघताना चाक हळूहळू पूर्ण फिरवा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे ढिली असेल तर ती असमान ताणली गेली आहे. ती कितीही ॲडजस्ट केली तरी कमी आरपीएमला धक्के देणारच. मागच्या हबमधले रबर झिजले असतील तरी अगदी असेच धक्के बसतात. चाक धरून स्प्रॉकेट पुढे-मागे हलवा, कटकट लागली तर रबर गेले. स्वस्त वस्तू आहे, पण ती सोडून लोक इंजिन उघडतात.

क्लचसाठी: टॉपमध्ये मधल्या आरपीएमवरून एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर. काटा उडी मारून वर गेला आणि गाडी मागे राहिली तर क्लच सरकतोय. आधी केबलचा प्ले बघा, प्लेटा नंतर.

हवा, प्लग, व्हॉल्व्हची गॅप

एअर फिल्टर, प्लग, इनटेकच्या रबरला भेग. या तीन गोष्टी पाच मिनिटांत बघून होतात आणि तळाचा आकडा दरवेळी वेगळा येत असेल तर उत्तर इथेच असण्याची शक्यता जास्त. जुन्या व्हॅक्यूम कार्ब्युरेटरमध्ये स्लाइडचा रबरी पडदा उजेडासमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढं भोकही पुरतं.

त्यानंतर व्हॉल्व्हची गॅप. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) मॅन्युअलच्या मापाचा. गॅप कमी झाली की व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा आधी उघडतो आणि उशिरा बंद होतो, म्हणजे न बदलताच कॅम थोडा मोठा झाला. खालची ओढ जाते, आयडलिंग अस्थिर होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सीटवर टेकून गार व्हायला वेळ मिळेनासा होतो. टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या गॅपमुळे होणारा) आवाज येतो म्हणून धावत येणारे खूप. आवाज बंद झाला म्हणून धावत येणारा मला अजून भेटलेला नाही, खरं तर घाबरायचं त्याने. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ही पायरी सोडा.

कॉम्प्रेशन, आणि कॅमची भानगड

कॉम्प्रेशन गेज लावताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा फेकून द्या. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. वाढला तर पिस्टनच्या रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट.

पण कॅम बदललेला असेल तर हा आकडा फसवतो. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की ती पिस्टनला न जुमानता आत घुसत राहते. कमी आरपीएमला तो रेटा नसतो, पिस्टन तीच हवा उलटी बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह जितका उशिरा बंद होईल तितका हा तोटा मोठा, आरपीएमचा तळ तितका वर, आणि गेजवरचा आकडा तितका कमी. रिंगा ठणठणीत असल्या तरी.

एकाने व्ही-ट्विनमध्ये लांब ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॅम टाकला होता, कॉम्प्रेशन कंपनीचंच. उभी असताना गाडी अशी थडथडायची की बघे जमायचे. पण २५०० ला, जिथे तो तासन् तास चालवायचा, तिथे ॲक्सिलरेटर दिला की आधी एक मोठा उसासा आणि मग पुढचं. चार हजारानंतर राक्षस. तो चार हजारावर महिन्यातून किती वेळा जात असेल? इनटेक लवकर बंद होणारा कॅम टाकला, वरची थोडी ताकद गेली आणि गाडी पुन्हा चालवण्यासारखी झाली.

कॅम निवडताना लोक लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) आणि ड्युरेशन बघतात. मी आधी इनटेक किती अंशाला बंद होतो ते बघतो. मोठ्या व्ही-ट्विनला, कॉम्प्रेशन मूळचंच असेल तर, पिस्टन तळाला गेल्यानंतर ३० अंशांच्या आसपास किंवा त्याआधी बंद होणारा कॅम खालून ओढतो. ४० च्या पुढे गेलात की कॉम्प्रेशनही वाढवावं लागतं आणि आरपीएमही. आकडे कोणत्या लिफ्टला मोजलेत ते मात्र बघा. कोणी ०.०५० इंचाला, म्हणजे १.२७ मिमीला मोजतो, हार्ले-डेव्हिडसनच्या कॅमना ०.०५३ इंचाची रीत आहे, तर कोणी व्हॉल्व्ह सीटवरून उचलल्यापासून मोजून मोठा आकडा छापतो. दोन वेगळ्या रीतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. आणि लवकर बंद होणारा कॅम आणि वाढवलेलं कॉम्प्रेशन, ही जोडी कमी आरपीएमला खडे वाजवते, तेही लक्षात असू द्या.

कॅम किती आहेत यावरून काही ठरत नाही. हार्लेच्या १९९९ च्या मॉडेलांपासून आलेल्या ट्विन कॅम इंजिनात दोन कॅम होते, २०१७ च्या मॉडेलांच्या मिलवॉकी-एटमध्ये पुन्हा एकच. काम उंचवट्याचा आकार करतो. एकाच आकाराला खालचं आणि वरचं दोन्ही साधत नाही म्हणून तर यामाहा आर१५ च्या १५५ सीसी व्हीव्हीए (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या) इंजिनात इनटेकला दोन उंचवटे आहेत आणि ७४०० आरपीएमच्या सुमारास एकावरून दुसऱ्यावर उडी आहे. बीएमडब्ल्यूच्या आर १२५० मधली शिफ्टकॅमची कल्पनाही त्याच गरजेतून आली.

कॅम कोणी बदललेलाच नसेल आणि तरी लक्षणं मोठ्या कॅमची असतील, तर टायमिंग चेनवर संशय घ्या. चेन ताणली की कॅम मागे पडतो, खालची ओढ जाते. आणि नुकतंच इंजिन उघडलेलं असेल तर खुणा जुळवताना एक दात चुकला असण्याची शक्यता आहे. एक दात ऐकायला किरकोळ वाटतो. कॅमचं स्प्रॉकेट ३२ दातांचं असेल तर एक दात म्हणजे कॅमवर ११.२५ अंश, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकवर २२.५ अंश. एवढ्याने काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो. संशय असेल तर सेल्फ मारू नका, हाताने फिरवून खुणा बघा. हाताला कुठे अडलं तर तिथेच थांबा.

इथे थांबा, जाणकाराकडे न्या

गॅप, चेन, प्लग, फिल्टर, कॉम्प्रेशन इथपर्यंत घरी करता येतं. यापुढे नाही:

- एक गिअर खाली टाकूनही ठोकण्याचा आवाज राहतो, किंवा तो खड्यांसारखा नसून खोल, जड आहे. बेअरिंगचा असू शकतो. गाडी टेम्पोत घालून न्या, चालवत नको.
- ड्रेन केलेल्या ऑइलमध्ये चकाकी दिसते, किंवा ऑइलचा दिवा गरम इंजिनाला आयडलवर लुकलुकतो.
- गॅप बरोबर केली आणि थोड्याच किलोमीटरमध्ये ती पुन्हा कमी झाली. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय, हेड उतरवावं लागणार.
- जास्त लिफ्टचा कॅम टाकायचा आहे. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर, स्प्रिंग पूर्ण दबते का, रिटेनर सीलला लागतो का, हे तिन्ही मोजल्याशिवाय उघडलेलं इंजिन परत जोडायचं नसतं. डायल गेज आणि डिग्री व्हील (बारीक अंतर आणि अंश मोजायची साधनं) हाताळलेला माणूसच हवा.
- इंजेक्शनच्या गाडीत कॅम बदललाय. नवीन मॅपिंग (पेट्रोल आणि ठिणगीचा हिशोब) डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर, करून घ्या, मोबाइलवरून आयता उतरवलेला मॅप चालत नाही.

जाताना एक चिठ्ठी घेऊन जा: कोणता गिअर, जीपीएसवरचा स्पीड, हिशोबाने आलेला आरपीएम, ॲक्सिलरेटर किती उघडा होता, इंजिन गार की गरम, पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दात. "पिकअप नाही" एवढंच सांगितलंत तर तोही आधी प्लगच बदलेल.